गुडघा, कंबर, बीपी, हृदय: डिसॅबिलिटी पेन्शनच्या दुसऱ्या अपिलात नेमकं कशावर भांडायचं?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचा हिशेब समजेल. वडील लष्करात हवालदार, २४ वर्षं नोकरी करून २०२१ मध्ये निवृत्त. रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने) चार व्याधी लिहिल्या: उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत २० टक्के, कमरेच्या मणक्यातली गादी सरकणं २० टक्के, उच्च रक्तदाब ३० टक्के आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार ३० टक्के. सगळं मिळून कॉम्पोझिट ७० टक्के. पण नोकरीशी संबंध मान्य झाला तो फक्त गुडघ्याचा, त्यामुळे पेन्शन २० टक्क्यांवर बसली. पहिलं अपील फेटाळल्याचं एक पानी पत्र चार महिन्यांपूर्वी आलं. मुलाचा प्रश्न असा: ‘गुडघ्यामुळे वडील लंगडत चालायचे आणि त्यातून कंबर गेली, हे दुसऱ्या अपिलात कसं सिद्ध करायचं?’

माझं उत्तर तुम्हाला थोडं विचित्र वाटेल. कंबर बाजूला ठेवा. ती खोटी आहे म्हणून नव्हे, तर त्या भांडणात जिंकूनही हातात जवळपास काही पडत नाही म्हणून. तुमची खरी केस बीपी आणि हृदयाची आहे.

आधी बोर्डाच्या कागदाकडे या. रिलीज मेडिकल बोर्डाचा फॉर्म म्हणजे एएफएमएसएफ-१६. त्याच्या शेवटच्या भागात एक तक्ता असतो. त्यात प्रत्येक व्याधीची टक्केवारी, मग सगळ्यांची कॉम्पोझिट टक्केवारी आणि शेवटी पेन्शनसाठी पात्र ठरणारी निव्वळ टक्केवारी असे रकाने असतात. बहुतेक जण कॉम्पोझिटचा ७० हा आकडा पाहून घरी सांगतात की ‘सत्तर टक्के डिसॅबिलिटी आहे’. पेन्शन मात्र शेवटच्या रकान्यावर ठरते आणि तिथे २० लिहिलेलं असतं. मधल्या ५० टक्क्यांवर ‘ना नोकरीमुळे झालेला, ना नोकरीमुळे वाढलेला’ असा शिक्का आहे. फौजेत याला ‘नाना’ म्हणतात. आपल्याकडे नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस, त्यामुळे गावाकडे हा शब्द पहिल्यांदा ऐकून लोक हसतात. पण पेन्शन अडवणारा नाना हाच.

आता पैशाचा हिशेब. डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, १०० टक्क्यांना शेवटच्या हिशेबी पगाराच्या ३० टक्के, आणि टक्केवारी कमी असेल तर त्याच प्रमाणात कमी. हिशेबी पगार ५०,००० रुपये धरू. मग १०० टक्क्यांना १५,०००, ७५ टक्क्यांना ११,२५०, ५० टक्क्यांना ७,५०० आणि २० टक्क्यांना ३,००० रुपये महिना, वर महागाई भत्ता. यात राउंडिंग ऑफचा नियम येतो: ५० च्या आतलं सगळं ५० धरायचं, ५० ते ७५ म्हणजे ७५ आणि ७६ च्या पुढे १००. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात ही सवलत मेडिकलवर घरी पाठवलेल्यांसाठी होती. नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात स्पष्ट केलं. तरीही निवृत्तांच्या बाबतीत ती आपोआप लागलेली नाही असं वारंवार दिसतं. तुमच्या पीपीओत (पेन्शनच्या मंजुरीपत्रात) २० च लिहिलं असेल, तर २० चे ५० करून घेणं ही सगळ्यात सोपी मागणी आहे. ती अपिलात स्वतंत्र कलम म्हणून आलीच पाहिजे.

आता कंबर मान्य झाली असं समजा. गुडघा २०, कंबर २०. दोन्हींचा परिणाम चालणं, वाकणं, वजन उचलणं यावरच होतो, म्हणून बोर्ड सरळ ४० धरत नाही, ३० च्या आसपास आणतं. अगदी ४० धरले तरी राउंडिंग ऑफनंतर ते ५० च. म्हणजे एकटा गुडघा असता तरी ७,५०० आणि कंबर जोडली तरी ७,५००. याउलट बीपी आणि हृदय मान्य झालं तर? ते दोन्ही रक्ताभिसरण संस्थेचेच आजार, एकमेकांवर पडणारे, म्हणून ६० ऐवजी ४० धरले असावेत. ७० चा आकडा तसाच जुळतो. ते ४० आणि गुडघ्याचे २० मिळून ६०, राउंडिंग ऑफनंतर ७५, म्हणजे ११,२५०. फरक महिन्याला ३,७५० रुपयांचा, आणि तोही आयुष्यभर.

कॉम्पोझिटबद्दल एक नियम लक्षात ठेवा, कारण बोर्डाची चूक इथे बऱ्याचदा होते. लष्करी डॉक्टरांसाठी पेन्शनविषयक मार्गदर्शिका आहे. ती सांगते की व्याधींचे परिणाम पूर्ण वेगळे असतील तर टक्केवारीची सरळ बेरीज करायची. परिणाम एकमेकांवर पडत असतील तरच तेवढ्या प्रमाणात कपात करायची. काही बोर्डं पहिल्या प्रकारातही कपात करतात आणि ते बरोबर नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे. गुडघा आणि हृदय यांचा कामावर होणारा परिणाम वेगळा. म्हणून त्यांची बेरीज व्हायला हवी, ही मागणी नियमाला धरूनच आहे.

आता साखळी. एकातून दुसरा आजार झाला असं म्हणताना लोक इंटरनेटवर वाचून ‘सेकंडरी क्लेम’ असा शब्द वापरतात. तो अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या कायद्यातला आहे. तिथे मान्य झालेल्या आजारातून उद्भवलेल्या आजारासाठी वेगळा नियमच आहे. आपल्याकडे अपिलात तो शब्द टाकला तर अपील ऐकणाऱ्या समितीला त्याचं काय करायचं ते कळत नाही. आपल्याकडे दारं दोनच: आजार नोकरीमुळे झाला, किंवा नोकरीमुळे वाढला. पैशाच्या दृष्टीने दोन्हींत काहीच फरक नाही. म्हणून जीवनशैलीच्या आजारांत ‘नोकरीमुळेच झाला’ असा हट्ट धरू नका, ‘नोकरीमुळे वाढला’ एवढंच मागा. ती पायरी बरीच खालची आहे.

साखळीची पहिली कडी तारखेवरून ठरते. तुम्ही दिलेल्या तपशिलाप्रमाणे वडील २०११ ते २०१३ लेह भागात होते, २०१२ मध्ये तिथेच गुडघा गेला, २०१४ च्या मार्चमध्ये पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) वार्षिक तपासणीत बीपी निघालं, २०१६ ते २०१८ काश्मीर खोऱ्यात सीआय ऑप्स (बंडखोरीविरोधी मोहिमा) आणि २०१९ मध्ये पुन्हा पीसला असताना अँजिओप्लास्टी. बोर्डाने काय केलं असेल ते न पाहताही सांगता येतं. बीपीपुढे ‘सुरुवात मार्च २०१४, पीस’, हृदयापुढे ‘सुरुवात २०१९, पीस’, म्हणून दोन्ही नाना. प्रत्येक आजार सुटा धरून, तो सापडला त्या दिवसाचा पत्ता पाहायचा, एवढीच ती पद्धत.

वडील २०२१ मध्ये निवृत्त झाल्यामुळे त्यांना २००८ चे एन्टायटलमेंट रूल्स (पेन्शनच्या हक्काचे नियम) लागतात. (२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आणि नवी मार्गदर्शिका आली आहे, त्यातले उतारे तुमच्या अपिलात घालू नका, घोटाळा होईल.) २००८ च्या मार्गदर्शिकेच्या सहाव्या प्रकरणात परिच्छेद ४३ उच्च रक्तदाबाचा आणि ४७ हृदयविकाराचा. फिल्ड (आघाडीचा भाग), हाय अल्टिट्यूड, सीआय ऑप्स किंवा जहाजावरची दीर्घ नोकरी असताना रक्तदाब सुरू झाला तर तो नोकरीमुळे वाढलेला धरायचा, असा ४३ चा रोख आहे. म्हणजे तुम्हाला दोन गोष्टी दाखवायच्या आहेत: एक, बीपी मार्च २०१४ च्या आधीपासून चढत होतं, दोन, ते माहीत असूनही वडिलांना पुन्हा तशाच भागात पाठवलं आणि तिथे ते आणखी बिघडलं.

पहिल्या मुद्द्यासाठी लेहमधल्या वार्षिक तपासणीचे कागद हवेत. २०१२ किंवा २०१३ च्या फॉर्ममध्ये १३८/८८ किंवा १४०/९० अशी नोंद असेल, तर तिच्यावर कुणी काही उपचार केले नसले तरी तुमच्यासाठी ती सोन्याची. रोग सापडण्याची तारीख आणि सुरू होण्याची तारीख एकच नसते, हे शब्दांत सांगण्यापेक्षा वेगवेगळ्या वर्षांचे आकडे एका ओळीत मांडा. भरतीच्या वेळचं बीपी, २०११ चं, २०१३ चं, २०१४ चं. बोर्डाच्या फॉर्ममध्ये पोस्टिंगच्या यादीत प्रत्येक ठिकाणापुढे ‘पी’ किंवा ‘एफ’ लिहिलेलं असतं, पीस की फिल्ड. ती यादी पार्ट टू ऑर्डर (युनिटने काढलेल्या सेवा-नोंदी) आणि डिस्चार्ज बुकाशी ताडून पाहा. एखाद्या फिल्ड पोस्टिंगपुढे ‘पी’ पडलेलं असतं आणि त्या एका अक्षरावर आजाराचा निकाल लागलेला असतो.

दुसऱ्या मुद्द्यासाठी रक्तदाबाच्या औषधाची चिठ्ठी पाहा. २०१४ मध्ये अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, २०१७ मध्ये १० मिलिग्रॅम, २०१८ मध्ये जोडीला टेल्मिसार्टन ४०: असा क्रम कागदावर असेल, तर ‘वाढला’ या शब्दाला यापेक्षा चांगला पुरावा नाही. दर कॅटेगरी बोर्डाच्या (नोकरीत असताना प्रकृतीचा दर्जा ठरवणाऱ्या बोर्डाच्या) वेळी हा डोस लिहिला जातो. म्हणून सुरुवातीच्या डाऊनग्रेडपासून शेवटपर्यंतचे त्या बोर्डाचे सगळे फॉर्म, म्हणजे एएफएमएसएफ-१५, मिळवा. ईसीजी किंवा इकोमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झाल्याची नोंद असेल तर ती वेगळी काढून ठेवा. अनेक वर्षं चढलेल्या रक्तदाबाची ती नेहमीची खूण आहे आणि बीपीपासून हृदयापर्यंतचा पूल तिथेच बांधला जातो.

एकदा बीपीची कडी पक्की झाली की हृदयाचा मुद्दा बराच सोपा होतो. उच्च रक्तदाबामुळे हृदयाच्या रक्तवाहिन्या लवकर खराब होतात, याबद्दल कुठलाच डॉक्टर वाद घालणार नाही. तेव्हा अपिलात हृदयाबद्दल दोन-तीन वाक्यं पुरे: अँजिओप्लास्टी पीसला झाली हे खरं, पण ज्या आजारातून ती वेळ आली तो २०१३ पासूनचा आहे.

आता कमकुवत कड्या, कारण त्याही तुमच्याच केसमध्ये आहेत. वजन हा त्यातला मोठा. गुडघ्यामुळे पीटी बंद, त्यामुळे वजन वाढलं, त्यातून बीपी, असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. तपासणीच्या कागदांवर वजन, तंबाखू, दारू यांची नोंद असते आणि समितीला ‘जीवनशैली’ हा शब्द तुम्हीच हातात देता. वेदनाशामक गोळ्यांचा मुद्दा त्यापेक्षा बरा. डायक्लोफेनॅक किंवा इटोरिकॉक्सिब महिनोन्‌महिने घेतल्याने रक्तदाब वाढू शकतो, हे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. २०१२ नंतर गुडघ्यासाठी त्या सतत दिल्याच्या चिठ्ठ्या असतील, तर मान्य झालेल्या गुडघ्यापासून बीपीपर्यंत एक धागा जातो. पण दहा दिवसांच्या दोन चिठ्ठ्यांवर हा मुद्दा उभा राहत नाही. आणि भरपूर असल्या तरी तो आधाराचा मुद्दा म्हणून घ्या, मुख्य म्हणून नको. कंबरेचंही तसंच: लंगडण्यामुळे पाठ दुखते हे पटण्यासारखं आहे, पण गादी त्यामुळेच सरकली हे दाखवणं अवघड. अपिलात एक परिच्छेद ठेवा, त्यावर जोर देऊ नका.

कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज वडिलांच्या नावाने, वडिलांच्याच सहीने, त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सर्व मेडिकल कागद द्या’ असं ढोबळ मागू नका. रिलीज मेडिकल बोर्डाची सर्व पानं, सर्व कॅटेगरी बोर्ड, भरतीची वैद्यकीय तपासणी, गुडघ्याचा इंजुरी रिपोर्ट, आणि पहिल्या अपिलावर समितीने घेतलेलं वैद्यकीय मत त्याच्या टिपणीसह, असं एकेक नाव घेऊन मागा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला आलेल्या एका पानात फक्त निकाल आहे. कारण दिलंय की नाही ते टिपणीत दिसेल. हॉस्पिटलची केस शीट मात्र हॉस्पिटलकडे वेगळी मागावी लागते आणि ती ठरावीक काळाने नष्ट करतात, तेव्हा आजच मागा.

चार महिने गेले आहेत, म्हणजे दुसऱ्या अपिलाच्या सहा महिन्यांतले दोनच उरले. माहिती यायची वाट पाहत मुदत घालवू नका. हातातल्या कागदांवर अपील पाठवा आणि ‘माहिती अधिकारात मागितलेले कागद मिळताच सादर करू’ असं एक वाक्य घाला. अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत सेकंड अपेलेट कमिटी ऑन पेन्शनला जातं. स्पीड पोस्टची पावती आणि पोच दोन्ही सांभाळा. उत्तर आलंच नाही, तर पुढची मुदत त्याच तारखेवरून मोजतात.

अपील तीन पानांत बसवा. पहिल्या पानावर तारखांचा तक्ता: वर्ष, ठिकाण, पी की एफ, बीपीचा आकडा, औषध. दुसऱ्यावर बीपी आणि हृदय. बोर्डाला खोटं म्हणू नका, ‘बोर्डाने कारण दिलेलं नाही’ असं म्हणा. लष्करी बोर्डाच्या मताला न्यायालयं वजन देतात, म्हणून गावच्या डॉक्टरचं उलटं सर्टिफिकेट जोडून ते पडत नाही. पण कारणाशिवाय दिलेलं मत टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात आणि पुन्हा २०२५ मध्ये राजूमोन टी. एम. प्रकरणात सांगितलं आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असं धरून चालायचं, हेही धरमवीर सिंगमधलंच. नियमाप्रमाणे पुराव्याचा बोजा साधारणपणे अर्जदारावर नसतो. निवृत्तीनंतर १५ वर्षं उलटून दावा केला तर मात्र तो अर्जदारावर येतो. तुम्ही त्या मुदतीच्या आत आहात, तेवढं लिहाच.

हृदयरोगतज्ज्ञाची चिठ्ठी जोडायची असेल तर शब्द पाहून घ्या. ‘संबंध असण्याची शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य निरुपयोगी. ते कशाबद्दलही लिहिता येतं. डॉक्टरांना जुने कागद दाखवा आणि ‘अमुक तारखेच्या नोंदी पाहिल्या, रक्तदाब इतकी वर्षं नियंत्रणात नव्हता, हृदयाच्या आजारामागे तो प्रमुख कारण असण्याची अधिक शक्यता आहे’ असं तारखांसह लिहून घ्या, जर त्यांना तसं खरंच वाटत असेल तर.

तिसऱ्या पानावर मागण्या, सुट्या सुट्या: बीपी नोकरीमुळे वाढलेलं मानावं, हृदयाचा आजार त्याचाच परिणाम म्हणून मानावा, गुडघा आणि हृदयाची टक्केवारी बेरजेने धरावी, राउंडिंग ऑफ द्यावं, आणि हे मान्य नसेल तर निदान २० चे ५० करावेत. शेवटची मागणी वरच्यांपासून वेगळी ठेवली नाही, तर वरचं फेटाळताना तीही वाहून जाते.

उत्तर नकारार्थी आलं, तर त्यापुढे सहा महिन्यांत आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्यदलांसाठीचं न्यायाधिकरण. सहा महिने काहीच उत्तर आलं नाही, तरी दार उघडतं आणि तिथून पुढे आणखी सहा महिने मिळतात. महाराष्ट्र, गोवा, गुजरातसाठी मुंबईचं खंडपीठ. वकील लावणं सक्तीचं नाही, पण तुमच्यासारख्या एकमेकांत गुंतलेल्या आजारांत लावलेला बरा. उशीर झालाच तर दावा मरत नाही, मात्र २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे तुमचा प्रत्येक वाया गेलेला महिना पैशात मोजला जातो.

गुडघा आता खूपच दुखतो, जिना उतरता येत नाही असंही तुम्ही लिहिलंय. लिगामेंट गेलेल्या गुडघ्यात दहा-बारा वर्षांत झीज होणं ही नेहमीची गोष्ट, आणि हा आजार मान्य झालेला असल्यामुळे त्याची साखळी वेगळी सिद्ध करायची गरजच नाही. २००१ पासून बोर्डाची टक्केवारी आयुष्यभरासाठी अंतिम धरतात, पण पेन्शनर स्वतः मागेल तर फेरतपासणीचं बोर्ड होऊ शकतं. घाई मात्र करू नका. फेरबोर्ड टक्केवारी वाढवतं तशी कमीही करू शकतं, आणि दुसरं अपील चालू असताना नवे आकडे आले तर तुमचा जुना तक्ता विस्कटतो. आत्ता फक्त एक काम करा: वडिलांना दोन्ही पायांवर उभं करून, अंगाचं वजन टाकून दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे काढून घ्या, आडवं झोपवून नव्हे. झोपवून काढलेल्यात सांध्यातली फट आहे त्याहून रुंद दिसते आणि झीज कमी वाटते. रिपोर्टवर तारीख घालून तो फाइलमध्ये ठेवा, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत फेरबोर्डाचा अर्ज देऊ नका.